सखल प्लॉट भरून घ्यावा

मुंबईत इमारत बांधायची तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडून पहिला वजनदार कागद मिळतो तो आयओडीचा. ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’ असं त्याचं पूर्ण नाव. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली तो दिला जातो. नावात नामंजुरी असली तरी व्यवहारात ती अटींसह मिळालेली मंजुरीच मानतात. अटी पुऱ्या केल्या की काम सुरू करण्याचा दाखला, म्हणजे सीसी, हाती येतो. या अटींच्या लांबलचक यादीत एक अट वर्षानुवर्षं जशीच्या तशी छापली जात आली आहे. तिचा आशय असा: प्लॉट सखल असेल तर काम सुरू करण्याआधी तो मुरूम, माती, दगड टाकून किमान ९२ टाऊन हॉल डेटम या पातळीपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा सहा इंच उंच, यांपैकी जे जास्त असेल तिथवर, भरून घ्यावा, रोलर फिरवून दाबून घ्यावा, आणि उतार रस्त्याकडे काढावा.

टाऊन हॉल डेटम ही फोर्टमधल्या टाऊन हॉलवरून ठरवलेली शहराची जुनी मोजपातळी. नाल्याचा तळ, रस्त्याचा माथा, इमारतीचं जोतं, या सगळ्यांच्या उंच्या महापालिकेच्या नकाशांवर याच पातळीवरून लिहिलेल्या असतात.

पाणथळ जागा कशा नाहीशा होतात याची चर्चा आपण बहुतेक वेळा रात्री येणाऱ्या डंपरपासून सुरू करतो. ती या अटीपासून सुरू व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे. कारण डंपरवाला कायदा मोडतो, पण ही अट कायद्याच्या चौकटीत बसून, शिक्क्यानिशी, भराव मागते. खाडीच्या, खाजणाच्या (भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या) किंवा मिठागराच्या शेजारचा प्लॉट सखल असणारच. तो सखल आहे म्हणूनच तिथे पाणी थांबतं, आणि पाणी थांबतं म्हणूनच शेजारची वस्ती कोरडी राहते. अशा जागेला आणि दादरमधल्या एखाद्या खोलगट प्लॉटला आपण एकच अट लावतो.

अट मुळात वाईट हेतूने आलेली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या घरात पावसाचं पाणी शिरू नये, डबकी साचून डास होऊ नयेत, यासाठी ती आली. पण तिच्यात एक दोष आहे आणि तो ‘यांपैकी जे जास्त असेल’ या शब्दांत दडला आहे. मुंबईतला रस्ता कायम एका उंचीवर राहत नाही. डांबरावर डांबर चढतं, मग काँक्रीटीकरण होतं, आणि जुना थर पूर्ण खरवडून काढला नाही तर रस्ता दर वेळी काही इंच वर येतो. पुढचा प्लॉट त्या नव्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर जातो. मग मधल्या जुन्या चाळीचं अंगण, जे चाळीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या बरोबरीला होतं, ते दोन उंच काठांमधल्या परातीसारखं होतं. उतार रस्त्याकडे काढायचा असल्यामुळे नव्या आवाराचं पाणीही तिकडेच येतं. पावसाळ्यात दाराला विटांचा उंबरा बांधणारी, मोटर लावून पाणी उपसणारी वस्ती पाहिली की समजावं, शेजारच्या दोन-तीन प्लॉटांनी आपापली अट नीट पाळली आहे.

पाणी जाईल कुठे, हा प्रश्न त्या अटीत नाही, आणि तो कोणी विचारतही नाही. एक साधा हिशोब मांडून पाहू. एक हेक्टर पाणथळ जागा, म्हणजे १०,००० चौरस मीटर. तिच्यात भर पावसात सरासरी फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर, पाणी मावतं असं धरा. हे ३,००० घनमीटर झालं, म्हणजे ३० लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीनशे टँकर. आता मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांची गोष्ट. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर त्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसावरून ५० मिलिमीटरवर नेण्याचं ठरलं. ताशी ५० मिलिमीटर दराने एका हेक्टरवर तासाला ५०० घनमीटर पाणी पडतं. म्हणजे फूटभर खोलीची ती जागा स्वतःवर पडणारा असा पाऊस सहा तास धरून ठेवते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंतही साधारण सहाच तास जातात.

हा योगायोग महत्त्वाचा आहे. शहराच्या बऱ्याच पर्जन्यजल वाहिन्यांची समुद्राकडची आणि खाडीकडची तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. उधाण असेल, साडेचार मीटरच्या वरची भरती असेल, तर झडपा लावून घ्याव्या लागतात, नाहीतर समुद्रच नाल्यातून आत येतो. त्या काळात पाऊस कोसळला तर पाण्याला थांबायला जागा लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इतक्या पावसापुढे कुठलीच वाहिनी टिकत नाही, तो दिवस वेगळा. पण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये भरती आणि पाऊस एकत्र येण्याचे जे चार-सहा दिवस असतात, त्या दिवसांत फूटभर खोलीच्या या जागाच आपल्याला सांभाळत आल्या आहेत. दादरजवळच्या हिंदमाता भागात पाणी तुंबू नये म्हणून महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली जमिनीत टाक्या बांधल्या, पाऊस ओसरेपर्यंत पाणी तिथे ठेवायचं म्हणून. योजना योग्यच आहे. पण दादर-परळला खणून, काँक्रीट ओतून जे मिळवावं लागलं, ते कांदिवलीच्या, मालाडच्या, मुलुंडच्या खाडीकाठाला आयतं आहे, आणि तिथे आपण ते भरायला सांगतो.

आता त्याच एका हेक्टरवर दोन मीटर भराव टाकायचा तर किती माल लागेल? २०,००० घनमीटर. दहा चाकी डंपरमध्ये साधारण १२ घनमीटर धरले तर १,६०० ते १,७०० खेपा. दाबल्यावर माती बसते, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. रात्रीला चाळीस खेपा झाल्या तरी सहा आठवडे. एवढी वाहतूक कोणाच्या नजरेतून सुटू शकत नाही. नाक्यावर पोलीस असतात, प्रभाग कार्यालयाची गाडी फिरते, रस्ता चिखलाने माखलेला असतो. माल येतो कुठून, हेही गूढ नाही. शहराच्या एका टोकाला तीन मजली तळघर खणायची परवानगी ज्या महापालिकेने दिली, तिनेच दुसऱ्या टोकाला भराव मागितलेला असतो. एकाला माती घालवायची असते, दुसऱ्याला हवी असते. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्याला विल्हेवाटीचा आराखडा द्यायला सांगितलं. त्या आराखड्यात माल उतरवण्याच्या जागेचं नाव असतं. पण त्या जागी खरंच माल उतरला का, आणि उतरला तर त्या जागेची पातळी किती वाढली, हे जुळवून पाहणारा टेबल महापालिकेत नाही. दोन फायली दोन विभागांत असतात आणि त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत.

खाजण मारायची एक ठरलेली पद्धत आहे आणि तिच्यात डंपर सर्वांत शेवटी येतो. आधी भरतीचं पाणी आत आणणारी छोटी चर, स्थानिक भाषेत वहाळ, हेरली जाते. तिच्या तोंडाशी दोन-तीन ट्रिप माती टाकून बांध घातला, किंवा रस्त्याखालची मोरी गोणपाटांनी बुजवली, की काम झालं. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. झाडं उभी असतात. पण तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, ती श्वास घ्यायला. दिवसातून दोनदा पाणी येऊन उतरलं की त्यांना हवा मिळते. पाणी यायचं थांबलं तर जमीन सुकते आणि मिठाचा थर चढतो. पाणी उतरायचं थांबलं तर ती मुळं साचलेल्या पाण्याखाली गुदमरतात. दोन्हीचा शेवट एकच. पानं पिवळी पडतात, शेंड्याकडून फांद्या वाळतात, चिंबोऱ्या आणि निवट्या आधीच गेलेल्या असतात. एक-दोन हंगामांनी ते सरपण झालेलं असतं. मग वाळकी झाडं तोडली जातात, कच्चा रस्ता पडतो, भराव येतो. पंचनामा व्हायचा तेव्हा ‘जागेवर जिवंत खारफुटी आढळली नाही’ असं लिहिता येतं आणि ते त्या दिवसापुरतं खरंही असतं.

म्हणून तपासणी करणाऱ्याने झाडांआधी मोरी पाहायला हवी. मोरी उघडी आहे एवढंही पुरत नाही. तिचा तळ कोणत्या पातळीला आहे हे मोजावं लागतं. रस्ता बांधताना पाइपचा तळ वहाळाच्या तळापेक्षा फूटभर जरी वर बसवला तरी उधाणाचं पाणी आत जातं आणि ओहोटीला शेवटचं फूटभर आतच अडकतं. रस्त्याच्या कंत्राटात हा आकडा असतो. पर्यावरणाच्या कागदात तो क्वचितच सापडतो.

कायदा कमी आहे असं म्हणता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ ला अंतरिम आणि १७ सप्टेंबर २०१८ ला अंतिम आदेश देऊन राज्यभरात खारफुटीची तोड थांबवली. जमीन खासगी असो की सरकारी, खारफुटीभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही, राडारोडा नाही. सार्वजनिक हिताचा प्रकल्प असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यायची. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेत १,००० चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीला ५० मीटरचा संरक्षक पट्टा आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांत गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी महत्तम पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ती खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली.

हे सगळे नियम रेषा आखतात. नकाशावर एक रेघ, रेघेच्या अलीकडे परवानगी, पलीकडे नाही. पाणी रेघ ओळखत नाही, ते पातळी ओळखतं. ५१ मीटरवरचा प्लॉट दोन मीटर उचलला तर त्याचं पाणी ४९ मीटरवरच्या खारफुटीत उतरतं किंवा तिच्याकडे जाणारं पाणी अडतं, आणि कागदावर कोणताही नियम मोडलेला नसतो. शिवाय रेघाही सारख्या सरकत आल्या. खाडीकाठाचा सीआरझेड पट्टा २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांत जो कमी असेल तो होता. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. पाणथळ नियमांतून मिठागरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण दिलं, पण ती यादी २.२५ हेक्टरहून मोठ्या जागांची. मुंबईत उरलेल्या गोड्या पाण्याच्या कितीतरी दलदली त्याहून लहान आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने पाणथळींची जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती तीन महिन्यांत पूर्ण करायला राज्यांना सांगितलं, ते याचसाठी: हद्द ठरलेली नसेल तर ५० मीटर मोजायचे कुठून?

लहान जागा म्हणजे बिनमहत्त्वाची जागा, असंही नाही. खाडीतला चिखल उघडा असतो तेव्हा फ्लेमिंगो आणि तुतवार तिथे चरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना टेकायला काठावरच्या उथळ पाणथळी लागतात. अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं ते चार एकरांचं तळं नसेल तर हद्दीच्या आतला पक्षी दिवसातले निम्मे तास बेघर असतो.

आता बांधकाम प्रकल्पांच्या छाननीकडे येऊ. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकाम क्षेत्रापासून पुढच्या इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते. राज्याची तज्ज्ञ समिती अर्ज, त्यासोबतची प्रपत्रं आणि संकल्पचित्र पाहते, आणि प्राधिकरण मंजुरी देतं. दीड लाख चौरस मीटरपर्यंतच्या इमारतींना सविस्तर आघात अहवाल लागत नाही. जनसुनावणी तर बांधकाम प्रकल्पांना ठेवलेलीच नाही. २०,००० च्या खालचे सगळे प्रकल्प या छाननीच्या बाहेर, आणि मुंबईत जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासात अशा लहान प्रकल्पांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी खाडी आणि इमारत यांच्यामध्ये एकच संस्था उभी असते: नियोजन प्राधिकरण. बहुतेक ठिकाणी महापालिका, झोपडपट्टी पुनर्वसनात एसआरए, म्हाडाच्या वसाहतींत म्हाडा, बीकेसीत एमएमआरडीए. एकाच नाल्याच्या दोन काठांवर दोन प्राधिकरणं असू शकतात आणि दोघांनी मिळून किती भराव मंजूर केला याची बेरीज कोणाकडेच नसते.

महापालिकेच्या फायलीत विकास आराखड्याचा शेरा असतो, सीआरझेडचा शेरा असतो, पर्जन्यजल विभागाचा शेरा असतो. पर्जन्यजल विभाग पाहतो ते प्लॉटमधलं पाणी बाहेर कसं जाईल: वाहिनीचा व्यास, उतार, जोडणीची जागा. बाहेरचं पाणी आजवर या प्लॉटमध्ये येऊन थांबत होतं का, हा प्रश्न त्या प्रपत्रात नाही. प्लॉटचा जो सर्व्हे जोडलेला असतो त्यात हद्द, झाडं आणि जुनी बांधकामं असतात. पातळ्या असल्या तरी हद्दीच्या आतल्या, आणि मोजणी बहुतेक कोरड्या दिवसांत केलेली, कारण तेव्हा चिखल नसतो. मे महिन्यात मोजलेली दलदल कागदावर सपाट माळरान म्हणून येते.

इथे बदल करायला नवा कायदा लागत नाही. आयुक्तांचं एक परिपत्रक आणि इमारत प्रस्ताव विभागाच्या ऑनलाइन प्रणालीत दोन रकाने, एवढ्याने सुरुवात होते. किनारपट्टी आराखड्याचे नकाशे, वन विभागाने अधिसूचित केलेली कांदळवनं, मिठागरांच्या हद्दी आणि नाल्यांचं जाळं हे सगळं आज डिजिटल आहे. विकास आराखड्याचा शेरा निघतानाच, प्लॉट यांपैकी कशाच्याही १०० मीटरच्या आत असेल, तर फाइलवर खूण पडली पाहिजे. खूण पडलेल्या प्रत्येक प्रस्तावाला पातळ्यांचा नकाशा सक्तीचा हवा: प्लॉटच्या हद्दीबाहेर ५० मीटरपर्यंत, २५ सेंटिमीटर अंतराच्या समपातळी रेषांसह, टाऊन हॉल डेटमच्या महापालिकेच्या बेंचमार्कशी (पातळी ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेशी) बांधलेला. मोजणी विकासकाच्या वास्तुविशारदाने न करता महापालिकेने यादीतून नेमलेल्या सर्व्हेयरने करावी आणि तिचं शुल्क प्रस्तावासोबत भरून घ्यावं. तिच्यातली एक फेरी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात, शक्य तर उधाणाच्या दिवशी व्हावी. पाणी कुठवर चढतं हे शेजारच्या भिंतींवर लिहिलेलं असतं: शेवाळाची रेघ, सोललेला गिलावा, मीटरचे खोके कमरेच्या वर सरकवलेले. सर्व्हेयरने त्या खुणांच्या पातळ्या घेतल्या तर पाणथळ नियमातली ‘दहा वर्षांतली पूरपातळी’ हा कोरडा शब्दप्रयोग मोजता येण्याजोगा होतो.

आणि मग ती अट. खूण पडलेल्या प्लॉटांसाठी ती उलटी करावी लागेल. जोतं उंच करा, आवार नको. इमारत खांबांवर उचलता येते, तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवता येतो, विजेचे मीटर, पंप आणि जनरेटर पहिल्या पातळीवर नेता येतात. एवढं केल्यावर घरात पाणी शिरण्याची भीती उरत नाही आणि आवारात पाणी थांबायची जागाही शाबूत राहते. पोहोचरस्त्यापुरता, अग्निशमन दलाच्या गाडीपुरता भराव लागेलच. तो घनमीटरमध्ये मोजावा आणि तितकीच पाणी धरण्याची जागा त्याच नाल्याच्या पाणलोटात, त्याच पातळीला मोकळी करून घ्यावी. पातळीचा आग्रह यासाठी की आठ फूट उंचीवरच्या बागेत तळं बांधून खाली अडलेल्या पाण्याची भरपाई होत नाही. दुसऱ्या तालुक्यात लावलेल्या रोपांनीही होत नाही. रोपं जरूर लावावीत, पण मालाडचं पाणी मालाडमध्येच थांबायला हवं.

तळघरांचाही विचार इथेच व्हावा. खाडीजवळ खणलं की खड्ड्यात पाणी झिरपत राहतं आणि महिनोन्‌महिने पंपाने उपसून ते गढूळ पाणी थेट पर्जन्यजल वाहिनीत सोडलं जातं. त्यातला गाळ पहिल्या संथ वळणावर, म्हणजे बहुधा खाडीच्या तोंडाशी, बसतो. गाळ बसवायची दोन कप्प्यांची टाकी ही काही हजारांची नव्हे, पण प्रकल्पाच्या खर्चापुढे नगण्य गोष्ट आहे. ती अटींत लिहावी आणि तपासावी.

यावर येणारा आक्षेप गंभीर आहे. मुंबईत माणसांना राहायला घरं नाहीत, लाखो लोक दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात, आणि तुम्ही दलदलीची काळजी करता? हा आक्षेप टाळता येत नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडच्या सुमारे २५६ एकर मिठागर जमिनी धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी वापरायचं ठरवलं, तेव्हाही हेच कारण पुढे आलं. घरांची गरज खरी आहे. पण २५६ एकर म्हणजे साधारण १०४ हेक्टर. मिठागरांत मीठ पिकतं ते कोरड्या महिन्यांत. पावसाळ्यात ते बांध आणि वाफे पाण्याने भरलेले असतात. फूटभर पाणी धरलं तरी ३१ कोटी लिटर. पूर्व द्रुतगती मार्गाखालून खाडीकडे जाणारे नाले भरतीला तुंबले की हे पाणी मागे, भांडुप-कांजूरच्या जुन्या चाळींकडे, सरकणार. त्या चाळींतही गरीब माणसंच राहतात. एकाचं घर कोरडं करताना दुसऱ्याचं ओलं होणार असेल तर किमान त्याचा हिशोब निर्णयाआधी मांडला जावा, एवढी मागणी घरांच्या विरोधात नाही. मिठागर कायद्याने पाणथळ नसेलही. पाणी धरायचं त्याचं काम कायद्याच्या व्याख्येवर अवलंबून नाही.

दुसरा आक्षेप विकासकांचा: आणखी एक ना-हरकत, आणखी सहा महिने. त्यांची चीड समजण्यासारखी आहे, कारण आज पाणथळीचा प्रश्न निघतो तो बहुधा शेवटी, काम अर्धं झाल्यावर, कोणी तक्रार किंवा याचिका केल्यावर. तेव्हा कलम ३५४ अ ची काम थांबवण्याची नोटीस येते, कर्जाचं व्याज चढत राहतं आणि घर घेणाऱ्यांचे पैसे अडकतात. पहिल्याच शेऱ्यात खूण पडली तर जमीन विकत घेण्याआधी कळेल की इथे आवार भरता येणार नाही. मग जमिनीचा भावही त्याप्रमाणे ठरेल.

महापालिकेने हे दुसऱ्यांना सांगायचं तर आधी स्वतःवर लावून घ्यावं लागेल. पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायला पालिकेने घेतला होता. जाळीत दगड भरून, पाणी झिरपू देणारा, म्हणून तो निरुपद्रवी असल्याचं तिचं म्हणणं होतं. ६ मे २०२२ ला उच्च न्यायालयाने तो २०१७ च्या पाणथळ नियमांविरुद्ध ठरवला आणि बांधलेला भाग काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. या प्रकरणात शिकण्यासारखं हे की पालिकेला तो ट्रॅक बांधताना स्वतःच्याच कोणत्याही विभागाकडून ‘ही जागा पाणथळ आहे’ असा अडसर आला नाही. उद्यानं, रस्ते, पंपिंग स्टेशन, नाल्यांच्या संरक्षक भिंती, मलजल केंद्रं हे पालिकेचे सगळे प्रकल्प खाडीकाठालाच येतात. त्यांना आयओडी लागत नाही, पण पातळ्यांचा तोच नकाशा आणि भरावाचा तोच हिशोब निविदा काढण्याआधी लागायला हवा. आणि नगरसेवकांनी प्रस्ताव मंजुरीला आला की खर्चाच्या आकड्याइतकाच भरावाचा आकडाही मागायला हवा.

तक्रार करणाऱ्यांनीही पातळीची भाषा शिकून घ्यावी. प्रभाग कार्यालय म्हणतं जमीन जिल्हाधिकाऱ्यांची, जिल्हाधिकारी कार्यालय म्हणतं खारफुटी आहे म्हणजे वन विभागाचं, वन विभाग म्हणतो ही जागा अजून आमच्या ताब्यात दिलेली नाही, पोलीस म्हणतात पंचनामा आणा. या चकरा टाळायच्या तर पहिल्याच अर्जात जमिनीचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, अक्षांश-रेखांश, २००५ च्या आसपासचं आणि आजचं उपग्रहचित्र, भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो, बुजवलेल्या मोरीचा फोटो आणि डंपरचे क्रमांक हवेत. २०१८ च्या आदेशाचा उल्लेख करावा आणि प्रत एकाच वेळी प्रभागाचे सहायक आयुक्त, जिल्हाधिकारी, कांदळवन कक्ष आणि कोकण विभागीय आयुक्तांकडच्या समितीला द्यावी. मोठा प्रकल्प असेल तर पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे जायची मूळ मुदत ३० दिवसांची असते. ती निघून गेल्यावर उत्तम पुरावाही फारसा कामाला येत नाही, म्हणून तज्ज्ञ समितीच्या बैठकांची कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्तं नियमित पाहणारा एक तरी माणूस प्रत्येक खाडीकाठच्या वस्तीत असावा.

राहिली गोष्ट अंमलबजावणीच्या वेळेची. सीसी टप्प्याटप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग जोत्याची तपासणी, मग पुढची. आज त्या तपासणीत इमारतीची रेषा नकाशाबरहुकूम आहे का आणि सोडायची मोकळी जागा सुटली आहे का, एवढं पाहतात. फीत हातात असतेच. सोबत लेव्हलचं यंत्र घ्यावं आणि त्याच बेंचमार्कवरून आवाराच्या दहा-बारा ठिकाणच्या पातळ्या पुन्हा मोजाव्यात, कुंपणाबाहेरच्या वहाळाची आणि मोरीची पातळीही घ्यावी. पहिल्या नकाशाशी त्या जुळल्या नाहीत तर जास्तीचा भराव काढल्याखेरीज पुढची सीसी देऊ नये. त्या दिवशी भराव उघडा असतो, जेसीबी जागेवर असतो आणि विकासकाला पुढच्या दाखल्याची घाई असते. महिनाभराने त्यावर पेव्हर ब्लॉक बसलेले असतात.